टाकीतील सिक्लिडचा पाठलाग: उतरंड की छळ?

प्रश्न

माझ्या चार फुटी, साधारण २४० लिटरच्या टाकीत आफ्रिकेच्या मलावी सरोवरातील, सिक्लिड कुळातले काही यलो लॅब आणि तीन ऑराटस मासे आहेत. ऑराटसपैकी एकाचा पिवळा रंग जाऊन तो काळसर झाला असून, यलो लॅबकडे फारसे लक्ष न देता तो आपल्याच जातीच्या एका माशामागे सारखा लागलेला असतो. तो दुसरा मासा आता हीटरच्या मागे, पाण्याच्या पृष्ठभागालगत, पर मिटून तिरका उभा राहतो आणि खाणे टाकले तरी खाली उतरत नाही. सिक्लिडमध्ये श्रेष्ठ-कनिष्ठ अशी उतरंड असते हे मला ठाऊक आहे. परंतु ती ठरण्याची नेहमीची प्रक्रिया कुठे संपते आणि छळ कुठे सुरू होतो, हे कसे ओळखावे?

उत्तर १

हे मारणाऱ्याकडे पाहून कळत नाही, मार खाणाऱ्याकडे पाहावे लागते. दोन सिक्लिड आमनेसामने आले की आधी एकमेकांना अंगाची बाजू दाखवतात, पर ताठ करतात, कल्ल्यांची झाकणे फुगवतात, शेपटीने पाण्याचा झोत मारतात. दोघे तुल्यबळ निघाले तर तोंडात तोंड अडकवून रेटारेटी होते. हा सारा खटाटोप ताकद अजमावण्याचा असतो आणि बहुतेक वेळा मोठी इजा न होता निकाल लागतो. हरलेला मासा पर मिटतो, फिका पडतो आणि निघून जातो. निघून जाणे हा शरणागतीचाच भाग आहे, आणि काचेच्या टाकीत नेमके तेच अशक्य असते. त्यामुळे जिंकलेल्याच्या लेखी प्रतिस्पर्धी अजून हद्दीतच उभा असतो.

आपला दुसरा ऑराटसही नर असावा असे मला वाटते. या जातीत पिल्ले आणि माद्या पिवळ्या असतात, वरचढ नर काळवंडतो आणि दबलेला नर बराच काळ मादीसारखा पिवळाच राहू शकतो. त्याच्या पोटाकडच्या भागावर काळपट छटा येत आहे का, आणि पाठलाग किती अंतरापर्यंत चालतो, हे कृपया पाहून कळवावे.

उत्तर २

वरचढ मासा काढून टाकला की प्रश्न मिटेल, असे कोणी सुचवण्याआधी एक मुद्दा मांडतो. स्टॅनफर्ड विद्यापीठात रसेल फर्नाल्ड यांच्या प्रयोगशाळेने बर्टोनी या आफ्रिकी सिक्लिडवर दीर्घकाळ काम केले. त्यात असे दिसले की वरचढ नर हलवला की दबलेला नर काही मिनिटांतच भडक रंग धारण करून त्याची जागा घेतो. याच जातीचे नर केवळ इतरांच्या झुंजी पाहून कोण कोणापेक्षा सरस आहे याचा अंदाज बांधतात, हेही त्याच प्रयोगशाळेने २००७ मध्ये दाखवून दिले. टाकीतील प्रत्येक पराभवाला असे साक्षीदार असतात, म्हणून केवळ दोन माशांचा विचार करून भागत नाही.

प्रश्नकर्ता

दुसरा ऑराटसही नर असावा हा आपला तर्क बरोबर दिसतो. त्याच्या पोटाखाली मळकट काळी छटा आहे, शेपटीची कड झिरमिळ्यांसारखी फाटली आहे आणि पाठलाग टाकीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालतो. टाकीत आणखी मासे वाढवले तर राग विभागला जाईल का?

उत्तर १

हद्दीपुरता पाठलाग करून मासा माघारी फिरत असेल तर ती उतरंड समजावी. आपल्याकडे तो माघारी फिरतच नाही आणि दुसऱ्याचे खाणे सुटले आहे, म्हणजे मर्यादा ओलांडली गेली आहे. जखमी माशाला आजच वेगळ्या टाकीत हलवावे.

मलावीतील खडकांत राहणारे मासे दाटीने ठेवून राग विभागण्याची पद्धत आहे, पण तिला दमदार फिल्टर आणि नियमित पाणीबदल लागतो. शिवाय येथे रोख स्वजातीय प्रतिस्पर्ध्यावर असल्याने इतर जातींचे मासे वाढवून फारसे साधणार नाही. दगडांची मांडणी बदलून जुन्या हद्दीच्या खुणा मोडाव्यात आणि समोरासमोरची नजर तुटेल असे आडोसे करावेत. जखमी नर बरा झाला तरी त्याला येथे परत सोडू नये, कारण ऑराटसच्या दोन नरांना ही टाकी अपुरी आहे. तिसरा मासा मादी असेल तर नराचा सारा रोख आता तिच्याकडे वळेल. तेव्हा आणखी दोन-तीन माद्या मिळेपर्यंत तिच्यावर रोज लक्ष ठेवावे.