युरेनियम २३५ : माझं उत्तर ५.१६ टक्के येतंय, पुस्तकात ३.७, कुठे चुकतंय?

वहीची_मागची_पानं
बीएस्सीचं गणित आहे. आज नैसर्गिक युरेनियममध्ये २३५ वालं (हलक्या अणूंचं) ०.७२ टक्के, तर २०० कोटी वर्षांपूर्वी किती असेल? हाफ लाइफ, म्हणजे निम्मं संपायला लागणारा वेळ, ७०.४ कोटी वर्षं. मी २०० भागिले ७०.४ केलं, २.८४ आले, म्हणजे २ चा २.८४ वा घात, ७.१६. त्याला ०.७२ ने गुणलं की ५.१६ टक्के. तीनदा केलं तेच येतंय, कॅल्क्युलेटरचं बटण झिजलं पण पुस्तक म्हणतंय ३.७. छपाईची चूक का?

खडकफोड्या
छपाई बरोबर आहे रे, तू २३८ ला, म्हणजे बाकीच्या जड युरेनियमला, विसरलास. ते पण किरणोत्सर्गीच आहे की, फक्त संथ, हाफ लाइफ ४४६.८ कोटी. टक्के बाजूला ठेव आणि अणू मोज. आज १०,००० अणू घे, ७२ हलके आणि ९,९२८ जड. मागे गेलं की ७२ चे ५१६ होतात, इथवर तुझं बरोबर. पण जड पण १.३६४ पट, म्हणजे १३,५४० च्या आसपास. एकूण झाले १४,०५६. तू ५१६ ला आजच्याच १०,००० ने भागलंस, भागायचं त्या वेळच्या एकूणाने. बघ, ३.६७ येतात.

वहीची_मागची_पानं
आईशप्पथ!! आलं. मग उगाच ४५४ कोटी मागे जाऊन बघितलं तर २४ टक्के आले, बरोबर का? अणुभट्टीत फुटतं ते २३५ च एवढं असेल तर तेव्हा जमिनीत आपोआप अणुभट्ट्या पेटायला हव्या होत्या ना

खडकफोड्या
२४ बरोबर. आणि अणुभट्टी खरंच पेटली होती, पण नंतर, साधारण २०० कोटी वर्षांपूर्वी, आफ्रिकेत गॅबॉनमधल्या ओक्लोला. आधी का नाही, तर हवेत ऑक्सिजन नव्हता, आणि ऑक्सिजनशिवाय युरेनियम पाण्यात नीट विरघळत नाही, विरघळलं नाही तर वाहून एका जागी साचणार कसं. ऑक्सिजन वाढला तोवर २४ चे चारेक टक्के झाले होते, पण तेवढे पुरले. साध्या पाण्यावर चालणाऱ्या आजच्या अणुभट्ट्यांना साधारण ३ ते ५ टक्केच लागतात. आपल्या तारापूरचे पहिले दोन युनिट पण साध्या पाण्याचे, त्यांनाही एनरिच केलेलंच, म्हणजे २३५ चा वाटा वाढवलेलं, युरेनियम लागतं. ओक्लोत भूजल न्यूट्रॉनचा वेग कमी करायचं, संथ न्यूट्रॉननेच २३५ चे अणू सहज फुटतात, तापून वाफ झाली की भट्टी बंद, गार होऊन पाणी परत आलं की सुरू. अणू फुटून तयार झालेल्या आणि खनिजात अडकलेल्या झेनॉन वायूवरून हिशेब निघालाय, अर्धा तास चालू आणि अडीच तास बंद!

दुपारचा_चहा
यातली मजेशीर गोष्ट म्हणजे असं होऊ शकतं हे कुरोदा नावाच्या शास्त्रज्ञाने १९५६ लाच कागदावर मांडलं होतं, तुझ्यासारखंच मागे जाऊन. सापडलं १९७२ ला, फ्रान्समध्ये पिएरलाटच्या युरेनियम कारखान्यात ओक्लोच्या युरेनियमचा नमुना तपासताना २३५ ०.७२०२ टक्क्यांच्या जागी ०.७१७१ आलं. फरक बघ केवढासा, आपण प्रॅक्टिकलला याला रीडिंगची चूक म्हणून खोडलं असतं.

आणि एक, हेच गणित ओक्लोचा आजचा आकडा घेऊन करू नकोस. काही नमुन्यांत तर ०.४४ टक्केच आहे. तिथलं बरंच २३५ आपोआप क्षय होऊन नाही, भट्टीत जळून संपलंय, त्यामुळे उत्तर खोटं कमी येईल. मधे कोणी खाल्लं नसेल तरच मागे मोजता येतं.

वहीची_मागची_पानं
थँक्यू दोघांना. सरांनी उद्या पोटॅशियम ४० दिलंय, ते दोन वाटांनी जातं म्हणे 😭