मदत हवी आहे: कुशीवर वळलं की सीपॅप मास्कमधून हवा सुटते

सीपॅप, म्हणजे झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन. नाकावरचा सिलिकॉनचा मास्क, हवेचं प्रेशर १२ (सेंमी पाणी). उताणं झोपल्यावर सगळं ठीक, पण कुशीवर वळताच उशी मास्कला ढकलते, नाकाच्या मुळाशी फट पडते आणि हवा थेट डोळ्यात. पट्टे आवळले तर कुशन (मास्कची चेहऱ्याला टेकणारी मऊ कड) चेपून गळती उलट वाढते, वर नाकावर वळ उठतात. पट्टे आडवं होऊन, मशीन चालू ठेवूनच बसवलेत. कुशन रोज सौम्य साबणाने धुतलं जातं, म्हणजे तेलकटपणाचा प्रश्न नाही. झोपेत तोंड मिटलेलं राहतं, त्यामुळे पूर्ण चेहऱ्याचा मास्क नकोच. नाकपुड्यांत बसणारे पिलो एवढ्या प्रेशरला टिकतात का, नाक कोरडं पडतं का? की आधी याच मास्कचं एक साइज लहान कुशन लावून बघावं? डोक्यावरून नळी असलेला मास्क वापरणाऱ्यांनी कृपया सांगा, कुशीवर नळी दबते का?