‘आँबोंप्वँ’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांत मध्यमवयीन पात्राच्या वर्णनात हा शब्द (embonpoint) भेटतो. ‘लठ्ठपणा’ चालेल का?

– लठ्ठपणा नको. जुन्या फ्रेंचमध्ये हे तीन सुटे शब्द होते: आँ, बों, प्वँ. अर्थ ‘चांगल्या स्थितीत’. पुढे ते जोडले गेले आणि सतराव्या शतकात इंग्रजीत शिरले. खाऊनपिऊन सुखी माणसाचे अंग भरते, तो हा भाव. आपण ‘तब्येत सुधारली’ म्हणतो आणि ऐकणारा वजन वाढल्याचे समजतो, अगदी तसेच! म्हणून ‘अंगाने भरलेली’, ‘खात्यापित्या घरची’ हे जवळचे. ‘गुटगुटीत’ बाळासाठीच ठेवा.

– वापर नामासारखा करावा. ‘इन्क्लाइन्ड टु आँबोंप्वँ’ म्हणजे अंग सुटू लागलेली. विशेषण म्हणून तो आज जवळपास मेलाच आहे. स्पेलिंगमध्ये हमखास चूक होते: फ्रेंचमध्ये बी, पी, एमच्या आधी सहसा एन जाऊन एम येतो. इथे पहिल्या अवयवात तो आला, पण ‘बों’मधला एन पीच्या आधी असूनही तसाच राहिला. ‘बोंबों’ या मिठाईच्या शब्दातही तेच.

– एक धोका. इंग्रजीत, विशेषतः विनोदी लेखनात, हा शब्द बाईच्या भरदार छातीलाही लावतात. मागेपुढे ‘हीव्हिंग’ (श्वासाबरोबर वरखाली होणारे) असेल तर पोट-कंबर नव्हे, ऊर समजावे. फ्रेंचमध्ये हा रोख नाही. तिथे ‘प्रांद्र द ल’आँबोंप्वँ’ म्हणजे नुसते वजन वाढणे. त्यातही साधारण पोटाचा घेर डोळ्यांसमोर येतो.

– ‘ॲव्हर्डपॉइझ’ (avoirdupois) हाही फ्रेंचमधूनच आलेला. मूळ अर्थ ‘वजनावर विकायचा माल’, पुढे 16 औंसांच्या पौंडाचे, म्हणजे सुमारे 454 ग्रॅमचे, माप. चेष्टेत माणसाच्या जादा वजनालाही म्हणतात. स्पेलिंगमधले मूळचे ‘दे’ (de) जाऊन ‘दु’ (du) मागाहून चुकीने घुसले. ‘आँबोंप्वँ’मधला मान यात नाही, तेव्हा इथे ‘चरबी’ किंवा ‘वजन’ खपेल.

– भरदार बांध्याच्या बाईला लावला जाणारा ‘झाफ्टिग’ या फ्रेंच यादीत घालू नये. तो यिडिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेतला; मूळ अर्थ रसाळ.

– आणि फ्रेंच मजकुरात ‘ग्रोस’ दिसला तर क्रम पाहा. ‘ग्रोस फाम’ म्हणजे लठ्ठ बाई; ‘फाम ग्रोस’ म्हणजे, जुन्या वापरात, गरोदर बाई.