चाळिशीनंतर फेसबुकचा कंटाळा येतो का?

जळगावकर: २०१४ ला ऑर्कुट बंद पडलं तोवर आम्ही सगळे फेसबुकवर, रात्र रात्र कमेंटी चालायच्या. आता उघडतो, अंगठा फिरवतो नि बंद. पोरगी म्हणते ते म्हातार्‍यांचं, ती इन्स्टावर. तुमचंही असंच का?

तापीकाठ: ओळखीचे दिसतात कुठे भो, नुसत्या रील्स नि जाहिराती, खाली कितीही जा संपतच नाही, डोकं शिणणारच ना.

भुसावळवाली: आमच्याकडे उलटं. आई सत्तरीची, पहाटे पाचला गुलाबाचं गुड मॉर्निंग, मग भाऊबंदांच्या ग्रुपवर पत्रिका, दशक्रिया, कोणाची सून बाळंत झाली सगळं तिथंच, त्यामुळे सोडताही येत नाही. म्यूट करून ठेवलाय (आईला सांगू नका).

रावेरी_केळी: मी फक्त केळीचे भाव बघायला व्हॉट्सअ‍ॅप ठेवलंय. बाकी उडवलं.