सल्ला हवा: घोटा दोनदा मुरगळला, फुटबॉलआधी लेकीकडून काय करून घेऊ?

मंगळवारातली
आम्ही कोल्हापूरचे. लेक १३ वर्षांची, शाळेच्या टीममध्ये विंगला खेळते. तीन महिन्यांत एकच घोटा दोनदा मुरगळला. आता डॉक्टरांनी खेळायला हो म्हटलंय. पण खेळाआधी काय करता विचारलं, तर "दोन राउंड पळतो, वाकून पायाची बोटं धरतो, की मॅच सुरू." ग्राउंड उन्हाळ्यात दगड, पावसाळ्यात चिखल. सासरे म्हणतात, "आम्ही जोर-बैठका मारून थेट शाहू स्टेडियमवर उतरायचो, कुणाला काय झालं न्हाई." (झालंय की. त्यांचा डावा गुडघा जिना चढताना वाजतो.) कुणाच्या पोरांना कशाने फरक पडला?

जुना_स्टॉपर
ताई, थंड अंगाने बोटं धरून उभं राहिलं की वॉर्मअप होत नाही. फिफाचा 'इलेव्हन प्लस' घ्या. १५ व्यायाम, २० मिनिटं, खर्च शून्य. पाच-सहा मीटरवर एक अशा खुणांच्या सहा जोड्या मांडायच्या. पहिली ८ मिनिटं त्यातून हळू पळायचं. मधे थांबून गुडघा वर घेऊन मांडी बाहेर फिरवायची, मग आत. जोडीदाराभोवती फेरी, उडी मारून खांद्याला खांदा. पुढची १० मिनिटं प्लँक (कोपरांवर अंग सरळ ताठ धरून ठेवणं), एका पायावर तोल, स्क्वॉट, उड्या. शेवटी २ मिनिटं जोरात पळणं आणि झटकन दिशा बदलणं.

त्यात मांडीच्या मागच्या स्नायूचा एक व्यायाम आहे. गुडघ्यांवर ताठ उभं राहायचं, जोडीदाराने मागून घोटे दाबून धरायचे आणि कंबर न मोडता जमेल तितकं हळू पुढे झुकायचं. तोल गेला की हातावर. सुरुवातीला ३ ते ५ वेळाच! आमच्या पोरांनी पहिल्या दिवशी पैजेवर वीस मारले आणि दोन दिवस जिना उतरताना कठडा धरत होते.

ओस्लोची_मावशी
हा कार्यक्रम बनवण्यात इथल्या संशोधकांचा मोठा वाटा आहे. २००७ च्या हंगामात नॉर्वेतल्या १३ ते १७ वयाच्या १,८९२ मुलींवर तो तपासला. गंभीर दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या. पण आठवड्यातून दोनदा तरी हवा, मनात आलं तेव्हा करून भागत नाही. मॅचच्या दिवशी फक्त पळण्याचे भाग करायचे, मधला ताकदीचा सोडून द्यायचा.

आणि मुलगी आहे म्हणून आवर्जून सांगते, गुडघे बघ. उडी मारून खाली येताना गुडघे एकमेकांकडे झुकतात का? गुडघ्यातला एसीएल (सांधा धरून ठेवणारा अस्थिबंध) मुलींचा जास्त फाटतो, आणि बऱ्याचदा कुणाचा धक्काही लागलेला नसतो. समोरून मोबाइलवर स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढ.

मंगळवारातली
काढला मावशी. उजवा गुडघा चक्क आत पडतोय. तिला दाखवला, तर आधी हसली, मग गप्प झाली. धाकटा ९ वर्षांचा आहे, त्यालाही हेच लावू का?

नाशिकची_फिजिओ
त्याला हे नको. हा १४ आणि पुढच्यांसाठी बेतलेला आहे. लेक उंबरठ्यावर आहे, तिला पहिल्या पायरीपासून चालेल. ७ ते १३ साठी 'इलेव्हन प्लस किड्स' वेगळा आहे. त्यात ७ व्यायाम. पडायचं कसं, लोळण कशी घ्यायची हेही शिकवतात. आपल्याकडे हे कुणी शिकवतच नाही, पोरं सरळ मनगटावर आदळतात. स्वित्झर्लंड, जर्मनी, नेदरलँड्स आणि चेकमध्ये तो तपासला, तिथेही दुखापती निम्म्याच्या आसपास घटल्या.

घोट्याचं म्हणाल तर एका पायावर तोल. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळायला टपलेलाच असतो. दात घासताना उभं करा, प्रत्येक पायावर अर्धा मिनिट. गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत हवा, आत नको. मात्र गुडघ्याखालच्या हाडावर किंवा टाचेत दुखतंय म्हणाली, तर "वाढीचं वय आहे" म्हणून पळवू नका. दाखवून घ्या.

मंगळवारातली
सरांना कसं सांगू? आईनं शिकवलेलं त्यांना रुचायचं नाही.

जुना_स्टॉपर
शिकवायला जाऊच नका. "वीस मिनिटं आधी मुली आणते, खुणा मी मांडते, तुम्ही फक्त त्यांचे गुडघे बघा," म्हणा. आयतं मिळालं की कोच खूश.

मंगळवारातली
सर "पंधराच मिनिटं" म्हणत होते, वीसवर आणलंय. उद्या पावणेसहाला. पण ग्राउंडवर खुणांचे कोन चारच आहेत हो.

जुना_स्टॉपर
सहा पोरींच्या चपला. झाल्या की सहा जोड्या.