'होलर'ला मराठीत काय म्हणावं?

पानवाचक : लॉरेटा लिन या अमेरिकन कंट्री (म्हणजे तिकडच्या खेड्यापाड्यांतून आलेल्या गाण्यांच्या) गायिकेवर दिवाळी अंकासाठी लेख लिहितेय आणि पहिल्याच वाक्याशी अडलेय. बाईंचा जन्म १९३२चा, केंटकीतल्या बुचर हॉलोचा. 'हॉलो' म्हणजे दोन डोंगरांमधली चिंचोळी जागा, मधून ओढा, कडेनं थोडी घरं. तिथली माणसं म्हणतात 'होलर'. मी 'दरी' लिहिलं, तर नवरा म्हणाला, दरीत माणूस कोसळतो, राहत नाही. शब्द तसाच ठेवावा असंही वाटतं, कारण 'कोल मायनर्स डॉटर' या १९७०च्या गाण्यात ती 'होलर'ला 'डॉलर'शी यमकात बसवते.

मावळी : खोरं! आमच्या वेल्ह्याकडे कानद खोरं आहे, गुंजण मावळ आहे. आजी माहेरचं नाव सांगताना गावाआधी खोरं सांगायची.

घाटवाट : खोऱ्यात गावंच्या गावं बसतात हो. हे एका ओढ्यापुरतं आहे. 'घळ' म्हणा.

मावळी : घळ म्हटलं की शिवथरघळ आणि समर्थ. इथे तर आठ भावंडांचं खटलं आहे, लॉरेटा त्यातली दुसरी. 'नाळ', म्हणजे डोंगरातली अरुंद उतरण, तीही नको. बोराट्याच्या नाळेतून उतरतात, तिथे चूल मांडत नाहीत.

जुनीवही : इंग्रजीत 'होलर' म्हणजे हाक मारणंही. आपली 'हाळी' तीच असणार! समोरच्या डोंगरावरच्या माणसाला हाळीच देतात ना?

शब्दनिष्ठ : ध्वनी जुळला म्हणून मूळ जुळत नाही. तिकडे शेवटच्या 'ओ'चा 'अर' होतो. 'फेलो'चं 'फेलर', 'यलो'चं 'येलर', तसंच हे. माझा खरा आक्षेप 'कंट्री' शब्दाला आहे. 'ग्रामगीत' का नको?

जुनीवही : कारण लगेच तुकडोजी महाराजांची ग्रामगीता आठवते. आणि ही बाई काय गात होती ते बघा. १९६७ साली तिचं पहिल्या क्रमांकावर गेलेलं पहिलं गाणं नवऱ्याला बजावतं, पिऊन घरी येऊ नकोस. १९७५ साली गर्भनिरोधक गोळीवर गायली, तर कित्येक रेडिओ केंद्रांनी ते वाजवलंच नाही. पंधराव्या वर्षी लग्न झालेली, पाठोपाठ बाळंतपणं काढलेली बाई आहे ती. 'ग्रामगीत' म्हणून तिला गुळगुळीत करू नका.

घाटवाट : पण आमच्या गल्लीत 'कंट्री' म्हणजे देशी दारू. आई मथळा वाचून अंक मिटून ठेवेल.

शब्दनिष्ठ : म्हणूनच म्हणतो, प्रतिशब्द घडवायला हवेत. आपण नाही घडवले तर कोण घडवणार?

बल्लारपूरकर : गाण्याच्या नावाचं काय केलंत? 'खाणकामगाराची मुलगी'?

पानवाचक : हो, तेच.

बल्लारपूरकर : आमच्याकडे कोणी खाण म्हणत नाही, खदान म्हणतात. बाबा तीस वर्षं खदानीत होते. पाळी सुटून आले की आंघोळीनंतरही पापण्यांच्या कडा काजळ घातल्यासारख्या काळ्या राहायच्या. आई खोबरेलात बोळा बुडवून त्या पुसायची, बाबा डोळे मिटून ओट्यावर बसायचे. लॉरेटाचे वडील टेड वेब वॅन लिअरच्या कोळसा खदानीत होते. तुमचा 'खाणकामगार' वाचून मला बाबा दिसत नाहीत, कामगार कल्याणाचं परिपत्रक दिसतं. 'खदानवाल्याची पोरगी' लिहा.

शब्दनिष्ठ : खदान हिंदी आहे. मराठी 'खाण' असताना ती उसनवारी कशाला?

बल्लारपूरकर : चंद्रपूर, वणी, बल्लारपूर, कुठेही उतरा आणि विचारा. सगळे मराठीतच सांगतील, खदान कुठे आहे ते.

मावळी : 'पोरगी' नको, 'लेक' हवं. बापाच्या संदर्भात लेकच.

बल्लारपूरकर : बाबा मला पोरगीच म्हणायचे.