मदत हवी आहे: ल्युपस, सातवा महिना, फुप्फुसांना सूज. नाशिकलाच थांबावं की मुंबईला न्यावं?

धाकट्या बहिणीसाठी लिहितेय. सिडकोत राहते, सहा वर्षांपासून ल्युपस आहे (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार), सत्ताविसावा आठवडा चालू आहे.

तिसऱ्या महिन्यात कुणीतरी तिच्या मनात भरवलं की पोटात बाळ असताना एवढ्या गोळ्या नकोत. तिने हायड्रॉक्सीक्लोरोक्विन बंद केली, आम्हाला सांगितलंही नाही. ही गोळी गरोदरपणात सोडायची नसते, सोडली की आजार उसळू शकतो. हे वाचणारी कुणी ल्युपसची असेल तर बाई गं, डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी थांबवू नकोस.

पंधरा दिवसांपूर्वी धाप लागू लागली. सातव्या महिन्यात दम लागतोच, असं म्हणत आम्ही आठवडा घालवला. मग दीर्घ श्वास घेतला की छातीत कळ यायला लागली. ऑक्सिजन 91 दिसला तशी रात्रीच ॲडमिट केली. छातीत पाणी झालं होतं, ते काढलं. दोन्ही फुप्फुसांत डाग आहेत. जंतुसंसर्ग की ल्युपसचीच सूज, हे नुसत्या एक्स-रेवरून ठरत नाही, म्हणून तपासण्या पाठवून अँटिबायोटिक आणि स्टिरॉइड दोन्ही चालू केलंय. टूडी एकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांचा दाब नॉर्मल आला. मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच होती. थुंकीतून रक्त नाही.

आज चौथा दिवस. दोन लिटर ऑक्सिजनवर 96 आहे, बाळाचे ठोके चांगले आहेत. साखर मात्र स्टिरॉइडने वाढली.

अडचण अशी की ल्युपसचे डॉक्टर एका ठिकाणी, छातीचे दुसरीकडे, आणि ती आहे तिथे इतक्या लहान बाळासाठी काचेच्या पेटीची सोय नाही. भाऊजी फाइल घेऊन गंगापूर रोड ते मुंबई नाका फेऱ्या मारतायत. तिच्या डॉक्टर मॅडम म्हणतात, हलवायचं तर आत्ता, स्थिर आहे तोवर.

कसारा घाटातून ऑक्सिजन लावून पेशंट नेलेलं कुणी आहे का? ॲम्ब्युलन्समध्ये डॉक्टर सोबत होते का? नाशिकमध्येच ल्युपस, छाती, बाळंतपण आणि नवजात बाळ हे चारही विभाग एका छताखाली कुठे मिळाले? मुंबईत केईएमला संधिवात विभाग आहे, तिथे गरोदर पेशंटला नेताना आधी कुणाशी बोलून ठेवावं लागतं? जन आरोग्य योजनेत यातलं काय बसलं, तेही सांगा.

उद्या सकाळच्या राउंडला मॅडमना उत्तर द्यायचंय. रात्री कितीही वाजता लिहिलंत तरी चालेल, मी वॉर्डबाहेरच बसलेय.